दोन बोटं माया

पीठ झोपलं होतं, म्हणून स्वयंपाकघरात सगळे दबक्या आवाजात बोलत होते. तसं करायला कुणी सांगितलं नव्हतं. टॅब्लेटच्या पडद्यावर इटलीतली ती जाडजूड शिक्षिका हातवारे करत काहीतरी म्हणाली होती आणि खाली आपल्या भाषेत अक्षरं उमटली होती : ‘पिठाला आता झोपू द्या. त्याला त्रास देऊ नका.’ हे भाषांतर यंत्र करायचं, आणि यंत्राला जेवढं कळतं तेवढंच करायचं. मागच्या रविवारी त्याने ‘पत्रा पातळ लाटा’ असं फर्मान काढलं होतं आणि अक्का हसता हसता स्टुलावरून पडायची राहिली होती.

आज मात्र अक्का हसत नव्हती. आज वर्गाचा शेवटचा दिवस. शेवटच्या दिवशी आपल्या माणसांना जेवू घालायचं, तेही रॅव्हिओली, म्हणजे आत सारण भरलेले पास्त्याचे चौकोन, असं शिक्षिकेने सांगून ठेवलं होतं. अक्काने ते इतकं मनावर घेतलं की सकाळपासून तिने कुणाला गॅसजवळ फिरकू दिलं नव्हतं.

त्याच जेवणानंतर तिला काय सांगायचं ठरलं आहे हे घरात तिला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. उद्यापासून खालच्या त्यांच्या शिंपीकामाच्या दुकानात नवा कटर, म्हणजे कापड बेतून कापणारा कारागीर, येणार होता. शहरातल्या एका वाद्यवृंदातल्या सगळ्यांच्या काळ्या लोकरी कोटांचं काम आलं होतं आणि ते कापड अक्काच्या टेबलावर उभं राहून तो माणूस कापणार होता. अक्काने यापुढे काजं-बटणं करायची, तीही जमतील तशी. तिच्या धाकट्या भावाने, ज्याला सगळी गल्ली मास्तर म्हणते त्याने, हे ठरवलं होतं आणि त्याच्या बायकोने, वहिनीने, मान डोलावली होती.

मास्तरांची सून ओट्याशी उभी राहून पालक चिरत होती आणि अक्काच्या नजरेला नजर देत नव्हती. ती चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची, म्हणून अक्काने लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी तिचं नाव चष्मेवाली ठेवलं होतं. हा वर्ग तिनेच लावून दिला होता. गेल्या थंडीत अक्काला अर्धांगाचा झटका आला. बोलणं लवकर सुधारलं, किंबहुना वाढलंच, पण उजवा हात मागे राहिला. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला. अक्काने तो पहिल्याच दिवशी कपाटावर भिरकावला आणि विचारलं, मी काय लहान पोर आहे का? मग चष्मेवालीने विचार केला की चेंडू नाही तर नाही, पीठ तरी मळेल.

पहिल्या धड्यात टाल्यातेल्ले होत्या, लांब फितीसारख्या. त्या नावाचा अर्थच ‘कापलेल्या’ असा आहे, असं शिक्षिकेने सांगितलं आणि अक्का एकदम सरसावून बसली. आपण शिवणकाम करतो हे तिने पडद्याला ओरडून सांगितलं. तेव्हापासून शिक्षिका तिला ‘सार्ता’ म्हणू लागली. तिकडे शिंपिणीला तसंच म्हणतात. अक्काला हे नाव इतकं आवडलं की ती हाकेला दोनदा ओ द्यायची.

पीठ उठलं. अक्काने त्याचा एक गोळा घेऊन ओट्यावर लाटला, मऊ चीज आणि पालकाच्या सारणाचे ठिपके ओळीत मांडले, वरून दुसरा पदर घातला आणि सुरीने चौकोन कापले. दोन चौकोन उकळत्या पाण्यात सोडले. ते वर तरंगले तेव्हा चष्मेवालीने एक खाल्ला. मधला भाग तोंडात विरघळला, पण कडा चावता चावेना. दुहेरी पदर आत कच्चाच राहिला होता.

अक्काने उरलेला चौकोन कॅमेऱ्यापुढे धरला. शिक्षिकेने चष्मा चढवून पाहिलं आणि खाली अक्षरं आली : ‘सार्ता, तुमची सीमा फार मोठी आहे. सीमेवर कोणी राहत नाही.’

‘‘सीमा नाही, माया आहे ती,’’ अक्का म्हणाली. ‘‘शिवणीच्या बाहेर दोन बोटं माया ठेवलीय. उद्या आवळलं तर सैल करता यावं म्हणून.’’

यंत्राने हेही इमानेइतबारे तिकडे पोचवलं असणार, कारण शिक्षिका गोंधळली, मग तिने छातीवर हात ठेवला. ‘दोन बोटं प्रेम?’ अशी अक्षरं आली. ‘प्रेम सारणात घाला, सार्ता. कडेला नको.’

चष्मेवालीला हसू आवरेना. ‘‘अक्का, हा कोट नाही. हे कुणी उसवणार नाही. खाऊन टाकणार.’’

अक्काही हसली, पण अर्धवट. तिने तो चौकोन बशीत ठेवला आणि त्याच्या रुंद कडेवरून अंगठा फिरवत राहिली.

*

वहिनी दारात उभी होती आणि तिने हे सगळं ऐकलं होतं. ती हसली नाही. या घरात आली तेव्हा तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता, पण इतक्या वर्षांत शिवणकामातलं एक अक्षरही तिच्या कानांतून सुटलं नव्हतं. वन्संची माया एका बोटाची असते. सगळ्या बाजाराला ते ठाऊक होतं. दुसरे कटर दोन बोटं सोडायचे, चुकलं तर झाकता यावं म्हणून, आणि वन्सं त्यांना नावं ठेवायच्या. म्हणायच्या, ज्याचा हातावर भरवसा नाही तो कापडाला लाच देतो.

आणि आज वन्संनीच पिठाला दोन बोटं सोडली होती.

खरं बोलायचं तर वन्सं आजारी पडल्या तेव्हा वहिनीला थोडं हायसं वाटलं होतं. ती मनातल्या मनात ते कबूल करायची. गल्ल्याची किल्ली तिच्या कमरेला आली होती आणि ‘वहिनी, हा कपडा कोणत्या आंधळ्याने इस्त्री केला’ हे रोजचं वाक्य बंद झालं होतं. झटक्यानंतर वन्सं पहिल्यांदा टेबलाशी उभ्या राहिल्या, कात्री घसरली आणि गिऱ्हाइकाच्या कोटाचा पुढचा भाग उभा चिरला गेला, तेव्हा मास्तरांनी कात्री उंच खिळ्यावर टांगली होती. वहिनीला तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं होतं. पण त्या दिवसापासून सकाळी खालून येणारा टेबलावरच्या कात्रीचा करकर आवाज थांबला होता, आणि त्या आवाजावाचून तिला चहा बेचव लागत होता. हे ती कुणाला सांगणार होती?

‘‘दुसरा गोळा मी एकाच ताग्यात लाटणार,’’ अक्का म्हणाली. ‘‘तुकड्या-तुकड्याने केलं की हात बिचकतो. चष्मेवाली, परात घे. खाली चल. माझं टेबल मोठं आहे.’’

वहिनीने चष्मेवालीकडे पाहिलं आणि चष्मेवालीने वहिनीकडे. टेबलावर काय आहे ते दोघींना माहीत होतं. नवा कटर कालच येऊन आपली सामानाची पिशवी ठेवून गेला होता.

‘‘वन्सं, इथंच करा ना,’’ वहिनी म्हणाली. ‘‘खाली थंडी आहे.’’

पण अक्का तोवर जिना उतरायला लागली होती. उजव्या हाताने कठडा धरून, डाव्या बगलेत लाटणं मारून.

*

मास्तर दुकानातच होते. रविवारी दुकान बंद असलं तरी ते खाली येऊन बसायचे. जिन्यावर पावलं वाजली तेव्हा ते जेवणानंतर म्हणायचं वाक्य मनात घोळवत होते. ‘अक्का, तू आता आराम कर.’ हे वाक्य किती गोड म्हटलं तर कमी वाईट वाटेल याचा त्यांना अंदाज येत नव्हता.

आता त्याची गरज उरली नाही. अक्का टेबलापाशी येऊन थांबली. टेबलाच्या मधोमध चामड्याची पिशवी होती, तिच्या तोंडातून अनोळखी कात्रीच्या मुठी बाहेर डोकावत होत्या, आणि बाजूला घडी केलेला एप्रन होता. तिच्या मापाचा नव्हता.

‘‘हे कुणाचं?’’

चष्मेवाली परात धरून उभी राहिली. टॅब्लेट तिच्या बगलेत होता आणि त्यातून शिक्षिका एका दुसऱ्या विद्यार्थ्याला मीठ घालायला सांगत होती.

मास्तरांनी सांगितलं. गोड वगैरे काही जमलं नाही. उद्यापासून माणूस येणार आहे, कोट पुष्कळ आहेत, कापड महागाचं आहे, एवढं ते जमिनीकडे बघत बोलले. मग मान वर करून म्हणाले, ‘‘तुझी परत फजिती झालेली मला बघवणार नाही, अक्का.’’

‘‘माझी की तुझी?’’

खोटं बोलायची मास्तरांना सवय नव्हती. अक्काने ती लागूच दिली नव्हती. ‘‘दोघांची,’’ ते म्हणाले.

वडील गेले तेव्हा मास्तर शाळेत होते. अक्काने वडिलांची कात्री उचलली आणि लग्नाचा विषय निघाला की ती कापड मोजायला लागायची. मास्तरांना माप घ्यायला, बेतायला, गिऱ्हाइकाच्या पोटाबद्दल काही न बोलायला तिनेच शिकवलं. गल्ली त्यांना मास्तर म्हणू लागली तेव्हा त्यांना लाज वाटली होती, पण अक्का म्हणाली होती, म्हणू दे, पाटीवर बाईमाणूस बघून कोट शिवायला कुणी येत नाही. आणि आता त्यांनीच तिच्या टेबलावर परक्याची पिशवी ठेवू दिली होती. तरीही त्यांनी निर्णय बदलला नाही. चुकीचं कापलेलं कापड परत जोडता येत नाही हे त्यांना तिनेच शिकवलं होतं.

अक्काचा चेहरा पांढरा पडला होता. ती वर निघून जाईल आणि दार लावून घेईल असं सगळ्यांना वाटलं. तिलाही तेच करावंसं वाटत होतं.

तेवढ्यात वहिनी पुढे झाली आणि तिने पिशवी उचलून नवऱ्याच्या हातात दिली.

‘‘अहो, ही तिकडे ठेवा. वन्संना टेबल पुसायचंय.’’

मास्तर बायकोकडे बघतच राहिले. काल रात्रीपर्यंत ती त्यांच्या बाजूची होती. वहिनीने ओलं फडकं आणलं, टेबल घासून पुसलं, कोरडं केलं, त्यावर धुतलेली पांढरी चादर ताणून बसवली आणि टोकं खाली बांधली. एकदाही तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. चष्मेवालीने टॅब्लेट शिलाई मशीनला टेकवून उभा केला.

अक्काने चादरीवर मैदा भुरभुरला. मग लाटणं घेतलं.

*

पिठाचा तो गोळा पहिल्यांदा हट्टाने आखडत होता. लाटला की परत आत यायचा. अक्का त्याला थोडं थांबू द्यायची आणि पुन्हा लाटायची. नवीन कापडही असंच आक्रसतं, त्याच्याशी जबरदस्ती चालत नाही. उजवा हात डाव्याच्या मागे पडत होता, मग बरोबरीने आला. ताव लांबत गेला, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकाला पोचला, इतका पातळ झाला की खालच्या चादरीवरची निळी किनार त्यातून दिसायला लागली.

अक्काने सारणाचे ठिपके मांडले. टेप लावली नाही. अर्धा ताव त्यांच्यावर घडी घालून आणला आणि तळव्याच्या कडेने प्रत्येक ठिपक्याभोवतीची हवा बाहेर काढत गेली. मग ती ताठ उभी राहिली.

‘‘बंड्या,’’ ती म्हणाली. या नावाने मास्तरांना हाक मारणारं जगात आता दुसरं कोणी नव्हतं. ‘‘खिळ्यावरची कात्री काढून दे. तू टांगलीस, तूच काढ.’’

‘‘अक्का, पीठ आणि लोकर एक नाही.’’

‘‘नाहीच. म्हणून तर पिठावर शिकले.’’ तिचा आवाज चढला नाही. ‘‘त्या दिवशी कात्री का घसरली सांगू? मी मध्येच थांबवली. भीतीने. थांबलेली कात्रीच घसरते, हे मी तुला शिकवलं आणि स्वतः विसरले. मग तू कात्री टांगलीस आणि सगळे माझ्याशी गोड बोलायला लागले. या बाईच्या वर्गात मी मनसोक्त चुकले. पीठ फाटलं, चिकटलं, लगदा झाला. ती म्हणायची, परत मळा. कीव नाही, काही नाही. नुसतं परत मळा. मला तुमच्याकडून तेवढंच हवं होतं रे.’’

मास्तरांनी स्टूल ओढलं, वर चढले आणि कात्री काढली. गरम पाण्याने धुतली, पुसली आणि मुठीकडून तिच्या हातात दिली.

अक्काने कात्री लावली. सारणापासून अर्ध्या बोटावर. पास्त्याला एवढीच कड हवी असते, आणि एवढ्यात चूक झाली तर झाकायला काही उरत नाही. पडद्यावर शिक्षिका जवळ आली, तिचं नाकच तेवढं दिसायला लागलं, आणि अक्षरं उमटली : ‘कात्रीने? माझी आई कबरीतून उठून येईल. पण थांबू नका, सार्ता.’

पहिली ओळ सरळ गेली. दुसरी गेली. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर कात्री आत वळली आणि एका चौकोनाचं पोट फुटून पालक बाहेर आला. वहिनीने तोंडावर हात ठेवला. मास्तरांना तो चिरलेला कोट पुन्हा डोळ्यांपुढे दिसला आणि त्यांनी मनातल्या मनात म्हटलं, आता ठेवेल ती कात्री.

‘‘हा बंड्याला,’’ अक्का म्हणाली आणि कात्री न थांबवता पुढे गेली.

तिथून तिने एकही चौकोन बिघडवला नाही. पुढच्या ओळी तर तिने बोलत बोलत कापल्या. चष्मेवालीला विचारलं, पाणी ठेवलंस का, आणि वहिनीला म्हणाली की या चादरीला इस्त्री कोणत्या आंधळ्याने केलीय. वहिनीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि ती आनंदाने म्हणाली, ‘‘मीच केलीय, वन्सं.’’

कापून झाल्यावर मास्तरांनी वाकून कडा पाहिल्या. गिऱ्हाइकाच्या नव्हे, कारागिराच्या नजरेने पाहिल्या. चौकोनामागून चौकोन उचलला. कड सगळीकडे सारखी होती. मनगट पूर्वीसारखं फिरत नव्हतं, ते त्यांना दिसलं. आता ती खांद्यातून कापत होती, संथ आणि अखंड. ही रीत त्यांनी तिच्याकडे कधी पाहिली नव्हती. तिने ती या टेबलापासून दूर, वरच्या ओट्यावर, एकटीने नव्याने कमावली होती. त्यांना अभिमान वाटला आणि शरमही वाटली.

वर स्वयंपाकघरात रॅव्हिओली उकळून, लोण्यात आणि ताज्या सुवासिक पानांत परतून ताटांत आल्या. टॅब्लेट जेवणाच्या टेबलाच्या टोकाला पाहुण्यासारखा मांडला होता. शिक्षिकेने सगळ्यांना घास तोंडात घालताना पाहिलं, वर्गातल्या बाकीच्यांना टाळ्या वाजवायला लावल्या आणि जाताना म्हणाली की इतका पातळ पदर लाटणाऱ्या मुलीला तिच्या गावात मागण्या येतात. अक्काने उत्तर दिलं की माझ्या वयाचा असला तर पाठवा. यंत्राने याचं काय केलं कोण जाणे, पण शिक्षिका डोळे पुसत निरोप घेऊन गेली.

फुटलेला चौकोन मास्तरांनीच खाल्ला. मग ताट बाजूला सारून ते खाली गेले. बराच वेळ खालून चादर झटकल्याचा, टेबल घासल्याचा, कपाट उघडल्याचा आवाज येत राहिला. शेवटी त्यांनी जिन्यातून हाक मारली.

‘‘अक्का, येतेस का जरा?’’

तिघी खाली आल्या. टेबलावर काळी लोकर पसरलेली होती, आधीच भिजवून, वाळवून, इस्त्री करून ठेवलेली, पहिल्या कोटाची. बाजूला खडू होता आणि वडिलांची कात्री होती. चामड्याची पिशवी दाराजवळच्या बाकावर गेली होती.

‘‘त्या माणसाला फोन करून नको म्हणून सांगतो,’’ मास्तर म्हणाले.

‘‘कशाला? कोट ढीगभर आहेत, मी एकटी मरू काय? येऊ दे त्याला. पण टेबलाच्या त्या बाजूला. आणि पहिले काही दिवस नुसतं बघू दे.’’

मास्तरांनी मान हलवली. अक्काने खडूने रेघ आखली, कात्री हातात घेतली आणि त्यांनी शाळेतल्या दिवसांसारखं कापडाचं दुसरं टोक दोन्ही हातांनी धरलं. चष्मेवालीने वहिनीचा हात पकडला. कात्री लोकरीत शिरली आणि करकर वाजत, कुठेही न थांबता, थेट कापडाच्या टोकाशी येऊन मोकळी झाली. अक्काने कोटाचा पुढचा भाग उचलून दिव्याकडे धरला, उलटा-सुलटा पाहिला आणि खाली ठेवला. तिला इतका आनंद झाला होता की तो तिने लपवलाही नाही. भावाकडे बघून ती तोंडभर हसली.

मग तिला दिसलं की बंड्याच्या हनुवटीवरून काहीतरी ओघळतंय.

‘‘कापडावर पाडू नकोस, डाग पडेल,’’ ती म्हणाली. ‘‘रडायचं असेल तर बाजूला जाऊन रड.’’

मास्तर बाजूला गेले नाहीत. त्यांनी बाहीने चेहरा पुसला आणि पुढच्या तुकड्याचं टोक धरलं.